वाऱ्याचा रकाना

गेल्या मे महिन्यात माझ्या एका जुन्या मित्राचा मुलगा पेढे घेऊन आला. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हातात पडला होता. पाया पडला, चहा झाला, आणि मग मी म्हणालो, "लॉगबुक आणलंयस का?" वैमानिकाला लॉगबुक दाखवायला सांगणं म्हणजे नव्या नवरीला नाव घ्यायला सांगण्यासारखं आहे. आढेवेढे घेतो, पण तयारीनंच आलेला असतो.

वही देखणी होती. अक्षर सुवाच्य, बेरजा बिनचूक, एकूण तास २०० आणि वर थोडी मिनिटं. परवान्याला २०० लागतात, त्याच्या पुढे एक मिनिट फुकट घालवलेलं नव्हतं. मी मात्र बेरजा सोडून उड्डाणाच्या वेळांचा रकाना वाचत गेलो. सकाळी ६.४०. सकाळी ७.०५. सकाळी ६.५०. मधूनच एखादं संध्याकाळचं. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात जवळजवळ काहीच नाही.

"सगळ्यात जास्त वारा किती होता रे, तू उडालास तेव्हा?"

त्यानं जरा आठवून पाहिलं. "आठ नॉट असेल, काका."

"आडवा?"

"नाही, समोरून. आडवा पाचच्या वर गेला की सर सॉर्टी कॅन्सल करायचे."

आठ नॉट म्हणजे ताशी १५ किलोमीटर. एवढ्या वाऱ्यात आमच्या गच्चीवरचा टॉवेल चिमट्याशिवाय जागेवर राहतो. आणि हा मुलगा, नोकरी लागली की, दीडशे-पावणेदोनशे माणसं मागे बसवून ऐन पावसाळ्यात मुंबईला उतरणाऱ्या विमानाच्या उजव्या खुर्चीत असणार आहे. त्याची त्यात काही चूक नाही. त्याला जे विकलं गेलं ते त्यानं घेतलं. त्याला निवांत हवेचे दोनशे तास विकले गेले.

मी स्वतः अडतीस वर्षं शिकवण्याच्या धंद्यात होतो. कुठल्या संस्थांत ते लिहीत नाही. तिथली माणसं ओळखतील आणि उगाच तंटे होतील. पण जे म्हणायचं आहे ते स्पष्ट म्हणतो. आपल्याकडे लहान विमानांवर शिकणाऱ्या मुलांना आपण वाऱ्यापासून जपतो आहोत, आणि त्याला सुरक्षितता म्हणतो आहोत. शिक्षक शेजारी बसलेला असताना ज्या दिवशी वारा आहे, तो दिवस रद्द करायचा नसतो. तोच तासाचा दिवस असतो.

आधी वारा विमानाला नेमकं काय करतो ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की वारा विमान ढकलून देतो. तसं नाही. आकाशात असताना विमानाला वाऱ्याचा पत्ताच नसतो. ते हवेत असतं आणि हवा त्याला घेऊन सरकत असते. माझं बालपण कृष्णाकाठचं. पलीकडच्या यात्रेला आम्ही तरीतून जायचो. श्रावणात पात्र भरलेलं असलं की नावाडी नावेचं तोंड समोरच्या घाटाकडे धरायचाच नाही. वरच्या अंगाला एक चिंच होती, तिच्याकडे धरायचा आणि नाव बरोबर घाटाला लागायची. लहानपणी मला ती जादू वाटे. आडव्या वाऱ्यात धावपट्टीकडे येणारं विमान हेच करतं. नाक वाऱ्याच्या बाजूला वळवलेलं आणि चाल धावपट्टीच्या रेषेत. आमच्याकडे त्याला क्रॅब म्हणतात, खेकडा. चार आसनांचं सेसना १७२ उतरायला येताना साधारण ६५ नॉट वेगानं येतं. वारा पूर्ण आडवा आणि १५ नॉट असेल तर नाक तेरा अंश तरी वळवावं लागतं. म्हणजे वैमानिकाला धावपट्टी समोरच्या काचेतून दिसते ती एका कोपऱ्यात.

इथपर्यंत नावाड्याचं आणि आमचं जमतं, पुढे फाटतं. नाव घाटाला तिरकी लागली तर एखादा म्हातारा धडपडतो आणि नावाड्याला दोन शिव्या मिळतात. विमानाच्या चाकांना मात्र सरळच गडगडता येतं. तिरकं विमान टेकवलं तर सगळा पिळा चाकांच्या पायांवर येतो. म्हणून शेवटच्या काही क्षणांत पायानं रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, दाबून नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचं. ते आणलं रे आणलं की वारा विमान बाजूला वाहून न्यायला लागतो, म्हणून हातानं वाऱ्याकडचा पंख खाली करायचा. पाय एका बाजूला, हात दुसऱ्या बाजूला. अशा तिरक्या अवस्थेत वाऱ्याकडचं एक चाक आधी टेकतं, मग दुसरं, मग नाकाचं. ज्यानं हे कधी पाहिलेलं नाही त्याला वाटतं की विमान कलंडतंय. ज्यानं केलेलं नाही त्याच्या हातापायांना तर ते पटतच नाही.

आणि चाकं टेकली म्हणजे संपलं असंही नाही. माझे वडील भूगोलाचे मास्तर. त्यांच्या शाळेच्या कौलांवर वातकुक्कुट होता, तुरा गंजलेला, पण प्रामाणिक. त्याची शेपटी रुंद, म्हणून वारा शेपटीला ढकलतो आणि चोच वाऱ्याकडे वळते, हे त्यांनी मला सहावीत दाखवलं होतं. जमिनीवर धावणारं लहान विमान हाच कोंबडा असतो. मागचं उभं शेपूट वाऱ्याला सापडतं आणि नाक वाऱ्याकडे वळायला बघतं. वेग कमी होत जातो तसा रडरचा जोर कमी होतो आणि कोंबड्याचा वाढतो. म्हणून जुने लोक सांगायचे, विमान दोरांनी बांधून होईपर्यंत उडतच असतं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. १९८१ साली एनसीसीच्या हवाई तुकडीतून मी पुष्पक चालवायला शिकलो. पुष्पक म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांसाठी बनवलेलं दोन आसनी विमान. ९० अश्वशक्तीचं इंजिन, अंगावर कापड, आणि तिसरं चाक नाकाखाली नसून शेपटीखाली. शेपटीच्या चाकाच्या विमानात वजन पुढच्या चाकांच्या मागे असतं. थोडं तिरकं झालं की मागचं वजन पुढच्याला ओलांडायला निघतं. त्या दिवशी डावीकडून दहाएक नॉट वारा होता. मी झकास उतरलो. तीनही चाकं टेकली, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. त्या थोपटण्याच्या नादात पाय सैल पडले. पुष्पकनं वाऱ्याकडे मान वळवली आणि माझ्या हातात काही उरायच्या आत आम्ही एक पूर्ण गिरकी घेतली. उजव्या पंखाचं टोक जमिनीला घासलं. इंजिन बंद केल्यावर जी शांतता झाली तिच्यात विंडसॉकचं फडफडणं तेवढं ऐकू येत होतं. आमचा माळी त्याला वाऱ्याची पिशवी म्हणायचा. तो दुरून पळत आला आणि पहिलं वाक्य बोलला ते, "साहेब, कापड फाटलं."

आमचे शिक्षक हवाई दलातून निवृत्त झालेले, मितभाषी. ओरडले नाहीत. दुपारी, वारा चांगला सुटलेला असताना, त्यांनी दुसरं पुष्पक वाऱ्याकडे तोंड करून खुंट्यांना दोरांनी बांधलं आणि मला आत बसवलं. इंजिन बंद. "हात-पाय ठेव आणि बघ काय म्हणतंय ते." अर्धा तास मी बसून होतो. झोत आला की हातातल्या दांडीत जीव येई, पंख हलका होई, दोर ताणले जात. दांडी एका बाजूला नेली की बांधलेलं विमानसुद्धा तिकडे कलायला बघे. जमिनीवर उभं असलेलं, इंजिन बंद असलेलं विमान उडायला बघतंय, हे मला त्या अर्ध्या तासात हातांतून कळलं. शेजारच्या शेडमध्ये माझ्या प्रतापाच्या कापडावर डोप, म्हणजे विमानाच्या कापडाचं रोगण, फासणं चालू होतं. त्याचा तो गोडसर, डोकं धरणारा वास मला अजून वारा सुटला की येतो.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला पाच दिवस उतरूच दिलं नाही. आडवा वारा असेल त्या वेळेला धावपट्टीवर यायचं, पुरुषभर उंचीवर विमान सरळ धरायचं, वाऱ्याकडचा पंख खाली, पाय उलटीकडे, आणि मधल्या रेषेवरून टोकापर्यंत तसंच उडत जायचं. टेकवायचं नाही. टोक आलं की पुन्हा वर. उतरण्यात ही कसरत चार-पाच सेकंदांची असते आणि तेवढ्यात शिकणाऱ्याला काही उमगत नाही. अशी धावपट्टीभर केली की एका फेरीत तीसेक सेकंद मिळतात. पुढे मी स्वतः शिकवायला लागलो तेव्हा हीच युक्ती वापरली, आणि त्यावरून एका पालकांचा फोन आला होता. "साहेब, शेजारच्या मुलाचे साठ तास झाले, आमच्याचे बेचाळीसच. आणि काल म्हणे तुम्ही त्याला सहा वेळा खाली नेलं आणि एकदाही उतरवलं नाही!" त्यांचं गणित चुकीचं नव्हतं. तासाला पैसे त्यांचे जात होते.

गोम इथे आहे. परवान्यासाठी तास मोजले जातात. फी तासावर. लाखो रुपये लागतात, त्यासाठी कुणी शेत विकलेलं असतं, कुणी घर गहाण टाकलेलं असतं, आणि बँकेचा हप्ता वाऱ्यासाठी थांबत नाही. संस्थेकडे विमानं मोजकी. नाकाच्या चाकावर विमान आपटलं आणि पंखा जमिनीला लागला तर नुसता पंखा बदलून भागत नाही, इंजिन उघडून तपासावं लागतं. तेवढे दिवस ते विमान म्हणजे शेडमधलं शोभेचं झुंबर. मग संस्थाचालकाला सकाळी सहा ते नऊ ही वेळ सोन्यासारखी वाटते, शिक्षकाला वाटतं उगाच कपाळावर आठी कशाला, विद्यार्थ्याला तास हवे असतात आणि बापाला परवाना. सगळ्यांच्या सोयीचा एकच दिवस, तो म्हणजे बिनवाऱ्याचा. यात खलनायक कुणी नाही, म्हणूनच ही गोष्ट वर्षानुवर्षं चालू आहे.

वर त्याला आकड्याचा आधार दिला जातो. सेसना १७२ च्या माहितीपुस्तकात आडव्या वाऱ्याचा आकडा १५ नॉट, लहान १५२ चा १२ नॉट. संस्था त्याच्या निम्मं धरते, शिक्षक त्याच्याही निम्मं. पण तो आकडा मर्यादा नाहीच. विमान प्रमाणित करताना चाचणी वैमानिकानं एवढ्या आडव्या वाऱ्यात ते उतरवून दाखवलं, इतकाच त्याचा अर्थ, आणि पुस्तकात तसं लिहिलेलं असतं. नियमाची अपेक्षा तर त्याहूनही कमी होती, विमान ज्या वेगाला हवेतला आधार सोडतं त्याच्या एक पंचमांश. त्या पंधराला विमानाची ताकद समजणंही चूक आणि स्वतःची समजणं तर त्याहून मोठी चूक. विमान पंधराला तयार असतं, वैमानिक किती नॉटला तयार आहे हे त्याच्या हातांना माहीत असायला हवं. ज्यानं पाचच्या वर पाहिलंच नाही त्याचा आकडा किती? त्याचा आकडाच नाही. त्याच्याकडे फक्त भीती आहे किंवा फक्त धीर आहे, आणि दोन्ही उधारीचे.

आता कुणी म्हणेल, सिम्युलेटरमध्ये वारा असतो की. असतो. मोठ्या विमानाच्या प्रशिक्षणात तो भरपूर देतात आणि ते चांगलंच आहे. पण तिथं वारा आधी सांगून येतो, आणि चुकला की लाल बटण असतं. खऱ्या वाऱ्यात बारा नॉटचा वारा बारावर थांबत नाही. मधूनच वीसचा झोत येतो. म्हणून आम्ही उतरायच्या वेगात झोताच्या फरकाचं निम्मं मिळवतो, इथे चार नॉट. नाहीतर झोत ओसरला की पायाखालची पायरी निसटावी तसं विमान बसतं. त्या चार नॉटांचं मोल फळ्यावर सांगून पटत नाही.

गंमत म्हणजे हा सगळा उद्योग वाऱ्याच्याच कृपेनं सुरू झाला. (तळपद्यांच्या चौपाटीवरच्या विमानाचा वाद आज नको, त्यावर पत्रं फार येतात.) राइट बंधू आपल्या डेटन शहराहून इतक्या दूर किटी हॉकच्या वाळूवर गेले ते तिथं भरपूर वारा मिळतो म्हणून. १७ डिसेंबर १९०३ च्या सकाळी समोरून ताशी तीस-चाळीस किलोमीटरचा थंड वारा होता. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. जमिनीवरून बघणाऱ्याला ते माणसाच्या धावण्याइतकं हळू दिसलं असणार, कारण हवेतून जाण्याचा बराचसा वेग वाऱ्यानंच पुरवला होता. दुपारपर्यंत चौथं उड्डाण ५९ सेकंद आणि ८५२ फुटांवर गेलं. मग ते विमान नुसतं उभं असताना एका झोतानं उचललं आणि कोलांट्या खात नेलं. जॉन डॅनियल्स नावाचा किनाऱ्यावरच्या जीवरक्षक चौकीतला माणूस त्याला धरायला गेला आणि त्यातच गुरफटून खरचटला. त्या सकाळचा पहिल्या उड्डाणाचा जगप्रसिद्ध फोटो त्यानंच काढलेला. ते विमान पुन्हा कधी उडालं नाही. बांधून ठेवलेलं नव्हतं. आमच्या सरांना ही गोष्ट फार आवडायची.

माझ्या म्हणण्याचा अर्थ वारा दिसला की उडी मारा असा कुणी काढू नये. वाऱ्यानं माणसं मारलेली आहेत, आणि त्यांतली दोन प्रकरणं मी प्रत्येक तुकडीला सांगत आलो. पहिलं एप्रिल १९९६ चं. जेसिका डबरॉफ, वय वर्षं सात. सर्वांत लहान वयात अमेरिका ओलांडायचा बेत, शेजारी शिक्षक, मागे वडील, आणि प्रत्येक थांब्यावर कॅमेरे. ११ तारखेला सकाळी शायेनहून निघायचं होतं. गाव सहा हजार फुटांवर, हवा विरळ, विमान ठरल्यापेक्षा जड, आणि वादळ अंगावर येत असलेलं. पाऊस आणि झोतांचा वारा असतानाच त्यांनी उड्डाण केलं आणि काही क्षणांत विमान कोसळलं. तिघेही गेले. चौकशीनं ठपका ठेवला तो अशा हवेत निघण्याच्या शिक्षकाच्या निर्णयावर, आणि त्यामागचं एक कारण म्हणून अति महत्त्वाकांक्षी वेळापत्रक आणि माध्यमांना दिलेले शब्द नोंदवले. सात वर्षांच्या पोरीबद्दल मी काही बोलणार नाही. पण त्या शिक्षकाच्या जागी मी स्वतःला अनेकदा ठेवून पाहिलं आहे. समोर कॅमेरे, शेजारी उत्साही बाप, आणि मी म्हणायचं, आज नाही. मी म्हणालो असतो का? छातीठोकपणे सांगता येत नाही.

दुसरं प्रकरण माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध जाणारं आहे, म्हणून ते टाळणं बरं नाही. स्टीव्ह फॉसेट. २००२ साली बलूनमधून एकट्यानं न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा, २००५ साली विमानातून. ३ सप्टेंबर २००७ ला तो नेवाडातल्या एका खासगी धावपट्टीवरून दोन आसनी डेकॅथलॉन घेऊन सहज फिरायला म्हणून निघाला आणि परतलाच नाही. वर्षभरानंतर सिएरा नेवाडाच्या डोंगरात, दहा हजार फुटांवर अवशेष मिळाले. डोंगराआड हवा खाली कोसळत होती आणि त्या उंचीवर विमानाची चढण्याची ताकद तिला पुरी पडली नाही, हा चौकशीचा निष्कर्ष. त्याच्या अनुभवाबद्दल कुणी शंका घेणार नाही. म्हणजे अनुभव हे चिलखत नव्हे. आपल्या सह्याद्रीलाही हे लागू आहे. आषाढात पश्चिमेचा वारा घाटमाथा ओलांडला की पूर्वेच्या उतारावर खाली घसरतो, आणि कोकणाकडे तोंड करून निघालेल्या लहान विमानाला डोंगर चढायचा असतो नेमका तिथेच. म्हणून डोंगराकडे सरळ जायचं नाही, तिरकं जायचं, म्हणजे मागे वळायला अर्धंच वळण पुरतं. विद्यार्थ्यांना हे सांगून कळत नाही. शिक्षकासोबत, हातात पुरेशी उंची ठेवून, इंजिन पूर्ण जोरात असताना उंचीमापकाचा काटा खाली येताना त्यांना एकदा बघू द्यावा. तो काटा मग आयुष्यभर लक्षात राहतो.

उड्डाण रद्द करणाऱ्याला समाज म्हणून आपण कसं वागवतो, हेही यात येतं. निवृत्तीनंतर मी आणि बायको मुक्तिनाथला गेलो. पोखऱ्याहून जोमसोमचं विमान वीसेक मिनिटांचं. जोमसोम कालीगंडकीच्या खोऱ्यात, एका अंगाला धवलगिरी, दुसऱ्या अंगाला अन्नपूर्णा. आठ हजार मीटरच्या दोन डोंगरांमधली ती चिंचोळी वाट. वरचं मुस्तांगचं कोरडं पठार उन्हानं तापलं की खालची हवा त्या वाटेनं वर ओढली जाते. सकाळी तिथं पान हलत नाही आणि दहा-अकरानंतर माणूस वाकून चालतो. म्हणून विमानं सकाळीच. आमच्या दिवशी पोखऱ्यात ढग बसले होते. नऊ वाजले, साडेनऊ झाले. ढग उठले तेव्हा जोमसोमला वारा सुरू झालेला, आणि उड्डाण रद्द. आमच्यासोबतचे वीसेक यात्रेकरू, बरेचसे आपल्याच भागातले, खवळले. "अहो, ऊन पडलंय! झाडाचं पान तरी हलतंय का?" एक गृहस्थ काउंटरवरच्या मुलाला सांगत होते की विमान भरलं नाही म्हणून हे नाटक आहे. वैमानिक तिथूनच गेला, पंचविशी-तिशीतला मुलगा, मान खाली घालून, जणू चोरी केली. मी उठून त्याला हात मिळवला. बायको म्हणाली, "एवढं काय त्यात? बसा." मी बसलो. आम्ही जीपनं गेलो, पाठीचा खुळखुळा झाला. दुपारी जोमसोमच्या रस्त्यावर उतरलो तेव्हा बायकोची ओढणी वाऱ्यानं नेली. ती थेट धावपट्टीच्या कुंपणाला जाऊन अडकली.

त्या वैमानिकाचा नकार मला आवडला, कारण तो त्या खोऱ्यात रोज उडत होता. साडेनऊचा वारा आणि साडेदहाचा वारा यांतला फरक त्याच्या हातांनी सोसलेला होता. आमच्या लॉगबुकवाल्याचे शिक्षक पाच नॉटला नाही म्हणायचे, हाही नकारच. पण दोन्ही नकार मला एकाच मापाचे वाटत नाहीत.

लॉगबुकात दिवसाचे तास असतात, रात्रीचे असतात, एकट्यानं केलेले, शिक्षकासोबतचे, बाहेर न बघता उपकरणांवर केलेले, दूरच्या प्रवासाचे, सगळ्यांचे रकाने असतात. वाऱ्याचा रकाना नाही. माझी मागणी एवढीच आहे की तो असावा. आडवा वारा किती होता हे प्रत्येक उड्डाणापुढे लिहावं, आणि परवाना देताना त्या रकान्याची बेरीज कुणीतरी वाचावी. रात्रीचे तास सक्तीचे झाले तेव्हा रात्री उडवणं भाग पडलंच ना? शिक्षकासोबत आठ, दहा, बारा नॉट असं चढत गेलेलं काही तासांचं काम सक्तीचं केलं तर संस्थांना दुपारीही विमान बाहेर काढावं लागेल. एकट्यानं उडणाऱ्या विद्यार्थ्याची मर्यादा वेगळी आणि कडक ठेवा, माझी तक्रार नाही. पालकांनीही प्रवेश घेताना वसतिगृह आणि मेस बघून झाल्यावर एक प्रश्न विचारावा: दुपारी तुमची विमानं कुठे असतात?

पेढे घेऊन आलेला तो मुलगा आता दुसऱ्या एका धावपट्टीवर एका जुन्या शिक्षकाकडे पदरचे पैसे घालून दहा तास करतो आहे. बापानं कुरकुर केली, मग दिले. परवा दुपारी त्याचा फोन आला, आवाज चढलेला.

"काका, आज बारा नॉट, पूर्ण आडवा! तीनदा गो-अराउंड केलं, चौथ्यांदा उतरलो. आणि बरोबर एकच चाक आधी टेकलं, उजवं!"

"वारा कुठून होता?"

पलीकडे जरा शांतता. मागे विंडसॉक नसेल, पण काहीतरी फडफडत होतं.

"डावीकडून," तो म्हणाला.

"मग उद्या परत जा."